निकाल विचारतो, झोप विचारत नाही

निकालाचे दिवस आले की वस्त्यावस्त्यांतल्या बुद्धविहारांत गुणगौरव समारंभ सुरू होतात. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेली, मेडिकलला-इंजिनिअरिंगला लागलेली, विद्यापीठात एम.ए., पीएच.डी.ला प्रवेश मिळालेली मुलंमुली स्टेजवर येतात. पुष्पगुच्छ, संविधानाची प्रत, फोटो, टाळ्या. हे व्हायलाच हवं. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारलं गेलं, त्याने आपल्या पदवीधरांचं कौतुक करायचं नाही तर कुणी करायचं?

आमचा प्रश्न त्या समारंभानंतरचा आहे. सत्कार झालेली मुलगी थोड्याच दिवसांत पुण्याला, मुंबईला, नागपूरला वसतिगृहात राहायला जाते. त्यानंतर घरातून, नात्यातून, समाजातून तिला जेवढे फोन जातात, त्यांत बहुतेकदा एकच प्रश्न असतो : अभ्यास कसा चाललाय, निकाल कधी आहे? झोप लागते का, जेवण जातं का, जिवाभावाचं बोलायला कुणी आहे का, हे फारसं कुणी विचारत नाही.

आम्ही पेशाने नर्स. जीएनएम करून बरीच वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत काढली. आता वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये आहोत. या कामातून जे दिसलं ते सुरुवातीलाच सांगतो. आपला विद्यार्थी मनाने खचतो तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याच्यावर अन्याय होत असतो, आणि तो आजारीही असतो. अन्यायाला तक्रार, संघटन आणि कायदा लागतो. आजाराला उपचार लागतो. कुणी म्हणतं, “सगळा दोष व्यवस्थेचा, गोळ्या कशाला?” कुणी म्हणतं, “याचंच मन कमजोर, जातीचं कशाला काढता?” या दोन्ही बाजूंच्या मध्ये मूल सापडतं. त्याला दोन्ही हात हवे असतात.

ओपीडीत येणारी तक्रार वेगळीच असते

“माझं मन आजारी आहे” असं सांगून केस पेपर काढणारा विद्यार्थी क्वचितच दिसतो. मुलं येतात ती डोकं दुखतं म्हणून, अ‍ॅसिडिटी झाली म्हणून, छातीत धडधडतं म्हणून. सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “सिस्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा ना.” मुलींच्या बाबतीत पाळी पुढे-मागे होणं, केस गळणं, वजन उतरणं. रक्त तपासलं जातं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, मूल परत जातं. पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन पुन्हा येतं.

अशा वेळी नर्सला चार प्रश्न विचारावेसे वाटतात आणि हे चार प्रश्न विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. रात्री किती वाजता झोपतोस आणि पहाटे किती वाजता जाग येते? दिवसातून किती वेळा जेवतोस? आधी जे आवडायचं, क्रिकेट असेल, गाणी असतील, चळवळीचं काम असेल, ते अजून करावंसं वाटतं का? शेवटचं मनमोकळं कुणाशी बोललास?

दुःख सगळ्यांना होतं. पेपर अवघड गेला, कुणी अपमान केला, प्रेम तुटलं, तर दोन-चार दिवस रडू येणं हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळपास रोज, मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पुस्तकाची एक ओळ तीन-तीनदा वाचावी लागत असेल, “मी कुणाच्या उपयोगाचा नाही” असं सतत वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. ओळ तीनदा वाचावी लागते तिथे केटी लागते. घरच्यांना फक्त केटी दिसते आणि ते म्हणतात, “मोबाईलमुळे वाया गेला.”

आणखी एक आजार याच वयात पहिल्यांदा डोकं वर काढतो. मूल एकटं बडबडतं, कानात आवाज येतात म्हणतं, आंघोळ सोडतं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी त्याची खात्री पटते. यात आपल्या मुलांच्या बाबतीत एक मोठा पेच असतो. एखादा विद्यार्थी म्हणतो, “डिपार्टमेंटमध्ये सगळे माझ्याविरुद्ध कट करताहेत.” तो भ्रम असू शकतो, तसा तो अगदी खरा अनुभवही असू शकतो. म्हणून त्याच्या तोंडावर “तुझ्या मनाचे खेळ आहेत” म्हणायचं नाही आणि नुसती मूठ आवळून मोर्चाही काढायचा नाही. त्याचं सगळं ऐकायचं, घडलेल्या गोष्टी तारखेसह लिहून घ्यायच्या, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेही न्यायचं. असा आजार जितक्या लवकर ओळखला जातो, तितकी सुधारणा चांगली होते. वर्ष-दोन वर्षं देवदेवस्कीत गेली, तर शिक्षणही जातं आणि माणूसही दुरावतो.

अन्याय खरा आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या संख्येत सगळ्या जातीधर्मांची मुलं आहेत. श्रीमंताघरचीही आहेत. पण आपल्या मुलांच्या वाट्याला जे वेगळं ओझं येतं, ते नाव घेऊन बोललं पाहिजे.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याआधी त्याला आणि त्याच्या साथीदारांना वसतिगृहातून बाहेर काढलेलं होतं. जळगावची, तडवी समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. ती २२ मे २०१९ रोजी गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया त्याच वर्षी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या दुसऱ्या आयांवर ही वेळ येऊ नये म्हणून.

त्याच्याही आधी, २००७ मध्ये, दिल्लीच्या एम्समधील जातिभेदावर प्रा. सुखदेव थोरात समितीने अहवाल दिला होता. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या थोरात सरांच्या समितीने देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत वसतिगृह, वर्ग, मैदान, प्रात्यक्षिक परीक्षा या सगळ्या ठिकाणी भेद कसा चालतो, हे कागदावर मांडलं. म्हणजे हे कुणाच्या मनाचे खेळ नव्हते.

पण सगळा भेद मोठ्या बातमीच्या रूपात येत नाही. तो रोज थोडा-थोडा येतो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी सहज विचारतं, “तुझा रँक किती होता रे?” विद्यार्थ्याला कळतं, विचारायचं काय आहे ते. आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावरची रेघ बदलते. वायवात ओठांवर आलेलं उत्तर इंग्रजी अडखळल्यामुळे परत फिरतं. गाईड भेटीची वेळ देत नाही. रूम पार्टनर बदलून मागतो. प्रत्येक घटना इतकी लहान असते की तक्रार केली तर लोक हसतील असं वाटतं. या बारीक काट्यांनीच पाय सुजतो.

दुसरं ओझं पैशाचं. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, आधारला बँक खातं जोडलेलं हवं, कॉलेजच्या लॉगिनमधून अर्ज पुढे सरकायला हवा, मग समाजकल्याण, मग मंजुरी, मग हप्ता. एखादा कागद अडला की सगळं अडतं. दरम्यान खानावळीवाला थांबत नाही, रूमभाडं थांबत नाही. आमच्याकडे आलेला एक मुलगा चक्कर येते म्हणून तपासायला आला होता. खोदून विचारलं तेव्हा समजलं, मेसचे पैसे थकले म्हणून दोन महिने तो एकाच वेळी जेवत होता. शेतमजूर आईबापांना सांगायचं नाही, कारण त्यांनी आधीच उसनवारी केली आहे. त्याने मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपवरून पैसे उचलले होते आणि वसुलीवाले त्याच्या फोनमधल्या ओळखीच्या लोकांना फोन करत होते. त्याची रात्रीची झोप समुपदेशनाने एकट्याने आली नसती. शिष्यवृत्तीचा हप्ता, जेवणाची सोय आणि कर्जवाल्यांविरुद्धची तक्रार, हाही त्याचा उपचार होता. म्हणून आम्ही म्हणतो, शिष्यवृत्ती वेळेवर मिळणं हा मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम आहे.

आणि आजारही खरा आहे

आता आपल्याच चळवळीतल्या मित्रांशी थोडं बोलतो. गोळ्यांचं नाव काढलं की काही जण नाराज होतात. “व्यवस्था आजारी आहे, मुलगा नाही,” असं म्हणतात. भाषणात हे वाक्य चांगलं वाटतं. वॉर्डात ते चालत नाही.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. टीबी पसरतो तो कोंदट घरांत, गर्दीच्या वस्त्यांत, अर्धपोटी शरीरांत. म्हणजे त्याचं मूळ गरिबीत आणि वस्तीच्या रचनेत आहे. म्हणून आपण घरासाठी, रेशनसाठी लढतो. पण टीबीच्या रुग्णाला “आधी वस्ती सुधारू दे, मग गोळ्या घे” असं कुणी सांगतं का? गोळ्या आजच सुरू करायच्या आणि लढाही चालू ठेवायचा. नैराश्याचं तसंच आहे. त्याचं मूळ अपमानात असलं, तरी ते एकदा शरीरात शिरलं की झोप, भूक, एकाग्रता, शक्ती सगळं खातं. असा विद्यार्थी लढूही शकत नाही. त्याला बरं करणं म्हणजे लढ्यापासून दूर नेणं नव्हे.

औषधांबद्दल नर्स म्हणून थोडं सांगणं गरजेचं आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड होणं, झोपेत बदल असे त्रास होतात, म्हणून मुलं चौथ्या दिवशी गोळ्या सोडतात. सोडू नये, डॉक्टरांना सांगावं. पंचवीस वर्षांखालील तरुणांकडे उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं, कारण काहींची अस्वस्थता त्या काळात वाढू शकते. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नये. बरं वाटल्यानंतरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. सवय लागण्याचा धोका असतो तो झोपेच्या काही गोळ्यांचा. त्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नयेत. आणि प्रत्येकाला गोळ्या लागतातच असंही नाही. सौम्य त्रासात नियमित समुपदेशनाने फरक पडतो.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या भाषेत सिव्हिलला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. घरबसल्या पहिलं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते आणि मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या आणि प्रत्येक पालकाच्या मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवावा.

आपल्या घरांतल्या चार समजुती

पहिली : “बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला, तुला काय झालं?” जयंतीला सलग अठरा तास वाचन करण्याचा उपक्रम महाविद्यालयांत होतो. अभिवादन म्हणून तो सुंदर आहे. पण तो एका दिवसाचा आहे. रोज चार तास झोपणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती वाढत नाही, घटते. आणि बाबासाहेबांची गोष्ट अर्धीच सांगू नये. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून केळुसकर गुरुजी धडपडले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावं लागलं. बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते शाहू महाराजांच्या आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या मदतीने. घरी रमाईने संसार ओढला. एवढ्या मोठ्या माणसालाही अभ्यासात खंड पडला आणि एवढ्या माणसांचे हात लागले. मग आपल्या पोराने एकट्याने, न थकता, एकदाही न अडखळता सगळं पार पाडावं असा हट्ट कशासाठी?

दुसरी : “विपश्यनेला पाठवा, ठीक होईल.” विपश्यनेने अनेकांना लाभ झाला आहे आणि आम्हीही तिचा आदर करतो. पण दहा दिवसांचं मौन हे तीव्र नैराश्यावरचं किंवा भ्रमाच्या आजारावरचं औषध नाही. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची आणि चालू औषधांची माहिती विचारलेली असते, ती याच कारणासाठी. ती लपवून मुलाला पाठवणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने ध्यान. गोळ्या बंद करून शिबिराला बसवणं तर नकोच.

तिसरी : “लग्न करून द्या” किंवा “बाहेरचं काही झालंय.” धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही अडचणीच्या वेळी लिंबू-नारळ निघतात, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. लग्नाने आजार जात नाही, एका ऐवजी दोन आयुष्यं अडकतात. यात मुलींचं शिक्षण सर्वांत आधी तुटतं. मुलगी वसतिगृहात रडते असं कळलं, की पहिला निर्णय असतो, घरी आणा आणि स्थळ बघा. म्हणूनच मुली सांगत नाहीत.

चौथी : “दवाखान्यात सांगितलं तर पोलीस केस होईल.” जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या मुलाला घेऊन येतात आणि “चुकून झालं” असं सांगतात. त्यामुळे शरीरावर उपचार होतात, मनावर होत नाहीत, आणि मूल त्याच खोलीत परत जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे, तिला शिक्षा करायची नाही आणि तिची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो ती नोंद असते, मुलाला गुन्हेगार ठरवणं नसतं. डॉक्टरांना खरं सांगा.

विचारायचं कसं

अनेक आईबाप म्हणतात, “आम्ही अडाणी, आम्हाला त्याच्या अभ्यासातलं काय कळतं?” अभ्यासातलं नसेल कळत. पण जेवणाचं आणि झोपेचं आईएवढं कुणाला कळतं? इथे अंगठा लावणारी आईसुद्धा प्राध्यापकाच्या पुढे आहे. “बाळा, रात्री किती वाजता झोपलास? काल काय जेवलास? आवाज बारीक का येतोय?” एवढ्यावरून फोन सुरू करायचा. गुणांचं शेवटी, किंवा नाही विचारलं तरी चालेल.

शंका आली तर सरळ विचारावं : “जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?” असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकदा मुलाचा कोंडलेला श्वास मोकळा होतो. उत्तर “हो” आलं तर उपदेश करू नये. “आमचं काय होईल याचा विचार केलास का” हेही म्हणू नये, त्याने अपराधाचं ओझं वाढतं. म्हणावं, “बरं झालं सांगितलंस. मी आहे. आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ.” त्याला एकटं ठेवू नये. जवळचा मित्र, रूम पार्टनर, वॉर्डन, गावचा कुणी त्या शहरात असेल तर तो, यांपैकी एकाला ताबडतोब खोलीवर पाठवावं. इजा करून घेता येईल अशा वस्तू आणि औषधांचा साठा त्याच्या हाताशी ठेवू नये. धोका मोठा वाटत असेल तर रात्र असो की दिवस, जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं.

मुलगा अचानक “आता सगळं ठीक आहे” म्हणत शांत झाला, आवडत्या वस्तू वाटू लागला, उधारी फेडून निरोपासारखं बोलू लागला, तर निर्धास्त होऊ नये. तो क्षण जास्त जपायचा असतो.

महाविद्यालयाकडे हक्काने काय मागायचं

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. मदतीचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गात ठळक लावावेत. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता संवेदनशीलतेने वागावं, हेही त्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं.

तेव्हा प्राचार्यांना लेखी पत्र देऊन विचारा : आपल्या संस्थेत समुपदेशक कोण, कोणत्या वारी, किती वाजता बसतात? कागदावरचा समुपदेशक नको. दुसऱ्या विषयाच्या मॅडमकडे दिलेला “अतिरिक्त कार्यभार” नको. समुपदेशकाला सांगितलेलं प्राचार्यांपर्यंत, गाईडपर्यंत पोहोचता कामा नये. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिलेला आहे. जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद वेगळा. आणि समुपदेशकाला जात कळली पाहिजे. “तू फार मनाला लावून घेतोस” असं एकदा ऐकलेला विद्यार्थी त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवत नाही.

भेदभावाच्या तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे आणि आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तक्रार नेहमी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

एक मागणी मात्र आपल्याला संघटितपणे लावून धरावी लागेल. पाय मोडला तर विद्यार्थी वैद्यकीय दाखला देऊन रजा घेतो. मनाच्या आजारासाठी तो रजा मागत नाही, कारण वर्ष गेलं तर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडेल, वसतिगृहातली जागा जाईल ही भीती असते. ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो वर्षभर थांबून परत येतो. आपला मुलगा तापलेल्या डोक्याने परीक्षेला बसतो, नापास होतो आणि कायमचा बाहेर पडतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या दाखल्यावर सत्र थांबवता यावं आणि परत आल्यावर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची जागा तशीच मिळावी, यासाठी समाजकल्याण विभागाकडे आणि विद्यापीठांकडे निवेदनं गेली पाहिजेत.

विहारांनी एवढं करावं

मूल गेल्यावर आपण श्रद्धांजली सभा घेतो, मेणबत्त्या लावतो, मोर्चा काढतो. न्यायासाठी ते करावंच लागतं. पण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी धावपळ आधी झाली, तर काही सभा घ्याव्या लागणार नाहीत.

प्रत्येक विहाराने एक वही करावी. आपल्या वस्तीतली कोणती मुलंमुली कोणत्या शहरात, कोणत्या वसतिगृहात शिकतात, ते तिच्यात असावं. त्या शहरात स्थायिक झालेले आपले नोकरदार, शिक्षक, नर्स, डॉक्टर, वकील यांतल्या एकेकाने दोन-तीन विद्यार्थ्यांशी नातं जोडावं. महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवावं. वर्गणीतून थोडा निधी बाजूला ठेवावा. शिष्यवृत्ती अडलेल्या मुलाचा महिन्याचा मेस भागेल एवढा असला तरी पुरे. तो गाजावाजा न करता द्यावा, फोटो काढू नये. वर्षावासातल्या एका रविवारी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा मानसोपचार परिचारिकेला बोलवावं आणि पालकांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि आजारपणामुळे वर्ष थांबून पुन्हा शिकायला लागलेल्या मुलाचंही कौतुक व्हावं. त्याची तयारी असेल तर व्यासपीठावर, नसेल तर घरी जाऊन, खांद्यावर हात ठेवून.

हे वाचून झालं की बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या एका मुलाला किंवा मुलीला फोन लावा. आज अभ्यासाचं विचारू नका. झोपेचं विचारा, जेवणाचं विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर फोन न ठेवता थांबा.

जयभीम.